आयला बेटाची जिन आणि आपल्या मातीतली झाडं

पाटेश्वर_पायथा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी साताऱ्यात राहतो. पस्तीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. दारूवर धागा काढायची ही पहिलीच वेळ, पण विषय खरं तर झाडांचा आहे.

गेल्या महिन्यात पुतणी स्कॉटलंडहून आली. येताना 'द बोटॅनिस्ट' नावाच्या जिनची बाटली घेऊन आली. म्हणाली, काका, प्यायची नसली तर नुसती वाचा. आणि खरंच, बाटलीच्या काचेवर सगळीकडून उठावदार अक्षरांत झाडांची लॅटिन नावं आहेत. चष्मा लावून, बोटं फिरवत अर्धा तास वाचत बसलो. आर्टेमिसिया व्हल्गारिस. मेंथा अक्वाटिका. कॅलुना व्हल्गारिस. ट्रायफोलियम. गॅलियम व्हेरम. अशी बावीस झाडं, सगळी एकाच बेटावर हातानं खुडलेली. शिवाय जिनमध्ये नेहमी पडणारे नऊ जिन्नस वेगळे. बेट स्कॉटलंडच्या पश्चिमेला आहे. स्पेलिंग वाचून मी 'इस्ले' म्हणालो, तर पुतणीने दुरुस्त केलं, उच्चार 'आयला'.

रात्री जेवणाआधी दोन चमचे घेतली. आधी पाइनच्या झाडासारखा वास, मग पुदिना, मग कुठून तरी मधासारखं काही आणि शेवटी वाळलेल्या गवताची गंजी. इतकी झाडं एका घोटात कशी काय येतात?

तर प्रश्न तीन. एक, एकतीस वनस्पती बाटलीत उतरवतात कशा? दोन, ही प्यायची कशी? तिसरा प्रश्न मला झोपू देत नाही. जिन म्हटलं की जुनिपर (जिनला तिचा मुख्य वास देणारं झुडूप) पाहिजेच आणि जुनिपर सह्याद्रीत उगवत नाही. मग साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या मातीची जिन असं काही होऊ शकतं का, की ते नुसतं बाटलीवरचं नाव होईल?

भडंग_प्रेमी

आयला!

(सर, राग मानू नका. बेटाचं नाव वाचल्यावर राहवलं नाही.)

आगाशिव

+१. हा प्रतिसाद पहिला येणार हे माहीतच होतं. सर, धागा भारी आहे. वाचतोय.

मळी_ते_मद्य

सर, पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देतो. वाळवा तालुक्यातल्या एका कारखान्याच्या डिस्टिलरीत सव्वीस वर्षं केमिस्ट होतो. आम्ही जिन कधी काढली नाही, पण जिन ज्या स्पिरिटवर उभी राहते ते टँकरच्या टँकर काढलं.

जिनची सुरुवात जिननं होत नाही. आधी लागतं एकदम कोरं स्पिरिट. आपल्याकडे ते बहुतेक उसाच्या मळीपासून किंवा धान्यापासून काढतात आणि त्याला ईएनए म्हणतात. ९६ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल. वास नाही, चव नाही, रंग नाही. मळीचा वास ज्याच्या नाकात बसलाय त्याला खरं वाटणार नाही, पण चांगल्या कॉलममधून काढलेल्या ईएनएत मळीचा मागमूसही राहत नाही. सर म्हणतात ती जिन गव्हाच्या स्पिरिटवर करतात.

आता त्यात झाडं उतरवायची. मार्ग मुख्यतः दोन, आणि दोन्ही आपल्या घरातले आहेत.

पहिला काढ्यासारखा. स्पिरिटमध्ये पाणी घालून ते ५०-६० टक्क्यांवर आणतात, त्यात जुनिपर, धने, साली, मुळं भिजत घालतात आणि सगळ्यासकट तांब्याच्या भांड्यात तापवतात. वाफ वर जाते, पुढे थंड होऊन थेंब पडतात. काढ्यात आणि यात फरक एवढाच की काढ्यात आपण भांड्यातलं पितो, इथे वाफेतून गेलेलं पितात. भांड्यात उरतं ते फेकून देतात.

दुसरा मार्ग उकडीच्या मोदकाचा. मोदकपात्रात खाली हळदीचं पान ठेवलं की मोदकाला पानाचा वास लागतो. पान मोदकात कुणी कालवत नाही, वाफ पानातून जाते आणि वास घेऊन येते. तसंच भांड्याच्या मानेत जाळीची टोपली ठेवतात, तिच्यात नाजूक पानं-फुलं. स्पिरिटची वाफ त्यांच्यातून जाते. फुलं उकळत नाहीत, म्हणून त्यांचा शिजलेला वास येत नाही.

'बोटॅनिस्ट'मध्ये दोन्ही करतात. नऊ दणकट जिन्नस, म्हणजे जुनिपर, धने, दालचिनी, कॅसिया, ज्येष्ठमध, लिंबू-संत्र्याच्या साली, अँजेलिकाचं मूळ, ऑरिस म्हणजे आयरिसचं मूळ, हे भांड्यात. बेटावरची बावीस झाडं वरच्या टोपलीत. आणि भट्टी फार सावकाश चालवतात, एक घाणा सतरा तास. घाई केली की वाफेबरोबर नको ते जड वासही चढतात.

त्यांच्या भांड्याची पण गोष्ट आहे. ते लोमंड जातीचं आहे, डंबार्टनच्या बंद पडलेल्या इन्व्हरलेव्हन डिस्टिलरीतून भंगारात जाण्याआधी उचलून आणलेलं. बेढब आहे म्हणून लाडानं 'अग्ली बेटी' म्हणतात. जुन्या यंत्रावर जीव असणारी माणसं सगळीकडे सारखीच.

भडंग_प्रेमी

साहेब, मोदकाचं उदाहरण दिलंत, गणपतीत आता मला काय काय आठवणार!

एक शंका. आमच्याकडे 'पहिल्या धारेची' म्हणजे एक नंबर. मग जिनमध्ये पण पहिली धार महागात विकतात का?

मळी_ते_मद्य

हा प्रश्न यायलाच पाहिजे होता.

पहिली धार ही सगळ्यात कडक असते, म्हणून हातभट्टीवर तिचं कौतुक. पण हलके, लवकर उडणारे पदार्थही तिच्यातच जास्त. अ‍ॅसिटाल्डिहाइड, इथाइल अ‍ॅसिटेट, नाकात झोंबणारे, नेलपॉलिशसारखे वास. शहाणा भट्टीवाला ती बाजूला काढतो. मधली धार ठेवतो, तिला हार्ट्स म्हणतात. शेवटी जड, ओल्या कागदासारखे वास येऊ लागतात तेव्हा पुन्हा तोडतो. तोडायचं कधी, हे नाकावर ठरतं. यंत्रं असतात, पण शेवटचा शब्द नाकाचा.

जिनमध्ये गंमत अशी की स्पिरिट आधीच शुद्ध असल्यानं पहिल्या धारेत विषारी फारसं नसतं. तिथे कापायचं ते सुवासासाठी. लिंबूवर्गीय वास सगळ्यात आधी येतात, मग जुनिपर आणि पानं-फुलं, शेवटी मुळं आणि सालींचा मातकट वास. सर, तुम्हाला ज्या क्रमानं वास आले ना, भट्टीतूनही साधारण तसेच उतरतात.

जाता जाता एक गंभीर गोष्ट. विषारी दारूनं माणसं मरतात ती बहुतेक वेळा कुणीतरी त्यात कारखान्यातलं मिथेनॉल मिसळलेलं असतं म्हणून. मुंबईत मालवणीला २०१५ साली शंभरावर माणसं गेली ती अशीच. त्यामुळे हा धागा वाचून कुणी घरी कुकरला नळी लावू नये. धोका आहेच, शिवाय १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली तो गुन्हा आहे.

खल_बत्ता

मिरजेत वैद्यकी करते. जुनिपरबद्दल थोडं.

ज्याला सगळे 'बेरी' म्हणतात ते फळ नाहीच, सर सांगतीलच. आपल्याला ते अगदी परकंही नाही. आयुर्वेदात त्याचं नाव हपुषा. काष्ठौषधींच्या दुकानात 'हाऊबेर' मागितलं तर काळपट गोळ्या मिळतात, चुरडून वास घ्या, जिनच. पोटफुगीवर, लघवी साफ होण्यासाठी जुने वैद्य वापरत आले. गरोदर स्त्रियांना मात्र वर्ज्य. पण औषध आहे म्हणून जिनही औषध, असं कृपा करून कुणी म्हणू नका. मात्रा आणि माध्यम बदललं की वस्तू बदलते.

पाटेश्वर_पायथा

वैद्यबाई, अगदी बरोबर. ती शंकू आहेत, पाइनच्या शंकूंसारखीच, फक्त खवले मांसल होऊन एकमेकांना चिकटलेले. पिकायला दोन-तीन वर्षं लागतात, म्हणून एकाच झुडपावर हिरवी आणि निळी दोन्ही दिसतात. काढताना निळी तेवढीच वेचावी लागतात. 'जिन' हा शब्दही तिथूनच आला. लॅटिन 'जुनिपेरस', त्यावरून डच 'येनेव्हर', ते इंग्रजांनी तोडून 'जिन' केलं. आपल्याकडे ते हिमालयात उंचावर वाढतं. मी विद्यार्थ्यांना घेऊन हिमाचलात गेलो होतो तेव्हा हातानं चुरडून वास घेतला होता. तोच वास तीस वर्षांनी पेल्यात आला आणि त्या सहलीतली मुलं एकेक डोळ्यासमोर आली.

मोदकाच्या उदाहरणानं पहिला प्रश्न सुटला. वर्गात असतो तर फळ्यावर काढलं असतं.

सांगलीकर_गोव्यात

दुसऱ्या प्रश्नाला मी हात घालतो. मूळचा विश्रामबागचा, आठ वर्षं गोव्यात बारमागे उभा आहे.

सर, तुम्ही दोन चमचे नुसती घेतलीत ते बरोबर केलंत. चांगली जिन आधी तशीच चाखावी. पेला तळहातात धरा, वास घ्या, पण नाक आत घालू नका, अल्कोहोल झोंबतं आणि बाकी काही कळत नाही. तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्या. मग त्यात चमचाभर साधं पाणी. पाण्यानं वास मोकळे होतात, जसा पहिल्या पावसात मातीचा होतो. ही जिन ४६ टक्क्यांची आहे, तिला थोडं पाणी मानवतं.

मग टॉनिक वॉटर, म्हणजे कडसर सोडा. एक भाग जिन, दोन ते अडीच भाग टॉनिक. आमच्याकडचे लोक एकास पाच करतात आणि म्हणतात जिनला चव नसते. पेला बर्फानं गच्च भरा. कमी बर्फ लवकर वितळतो आणि पाणचट होतं, जास्त बर्फ एकमेकांना गार ठेवतो. टॉनिक फ्रीजमधलं, नुकतं उघडलेलं, पेल्याच्या कडेनं ओता. ढवळायचं एकदाच. मागे महाबळेश्वरला एका ठिकाणी (नाव घेत नाही) सकाळी उघडलेल्या मोठ्या बाटलीतलं टॉनिक रात्री दिलं होतं. महागाची जिन वाया.

लिंबू पिळू नका, सालीचा तुकडा पेल्यावर चिमटा. सालीतलं तेल हवंय, आंबटपणा नकोय. या जिनला पुदिन्याचं पान चालेल, दोन्ही तळव्यांमध्ये टाळी वाजवून टाकायचं, चुरडायचं नाही.

आणि कधी पाणी घातल्यावर जिन दुधी झाली तर घाबरू नका. तेलं अल्कोहोलमध्ये विरघळलेली असतात, पाणी वाढलं की बाहेर येतात. खराब झालेली नाही, उलट वनस्पतींचं तेल भरपूर आहे.

आगाशिव

सोबत खायला काय?

सांगलीकर_गोव्यात

इथे मी सांगलीकरच राहणार. भडंग. लसूण, कढीपत्ता, शेंगदाणे, वर कच्चा कांदा नको. टॉनिकचा कडूपणा आणि भडंगचा तिखट-खारटपणा एकमेकांना धरून राहतात. कंदी पेढ्याबरोबर मात्र जमत नाही, करून पाहिलंय.

भडंग_प्रेमी

माझ्या सदस्यनामाला आज न्याय मिळाला. 🙏

लिंगमळा_ट्रेकर

टॉनिकवरून आठवलं, टॉनिकचा कडूपणा क्विनाइनचा आणि क्विनाइन सिंकोनाच्या सालीतलं. एकोणिसाव्या शतकात हिवतापावर तेच औषध होतं. इंग्रजांनी सिंकोना भारतात आणला तो निलगिरीत आणि दार्जिलिंगकडे रुजला. पण आपल्या महाबळेश्वरजवळ लिंगमळ्यालाही लावून पाहिला होता! तो जगला नाही. लिंगमळ्याचा धबधबा बघायला जाणाऱ्यांपैकी कितीजणांना माहीत असेल? रुजला असता तर टॉनिक सातारी म्हणता आलं असतं.

अवांतर: टॉनिकची बाटली नोटा तपासायच्या निळ्या दिव्याखाली धरा. क्विनाइनमुळे झगझगीत निळी चमकते. मुलांना दाखवा, खुळी होतात. फक्त टॉनिक, जिन नाही.

कृष्णाकाठची

मी हा धागा कालपासून वाचते आहे. लिहू की नको, विचार केला. लिहिते.

तुमचं ज्ञान खरं आहे, आवड खरी आहे. सरांच्या पोस्टमध्ये झाडांवरचं प्रेम दिसतं. पण मी पलूसजवळच्या गावात वाढले. माझा मामा पहिल्या धारेचीच पीत गेला आणि पस्तिसाव्या वर्षी गेला. गावात दारूच्या दुकानाविरुद्ध मतदान झालं, आडवी बाटली उभी बाटली, तेव्हा माझ्या आईनं शेतावरची खुरपणी सोडून दिवसभर रांगेत उभं राहून आडव्या बाटलीला मत दिलं. म्हणून 'सांगलीची जिन' हे शब्द वाचले की मला आधी मामी दिसते.

लंडनचंही हेच झालं होतं ना? अठराव्या शतकात गल्लोगल्ली स्वस्त जिन मिळायची, पोरं-बाया उद्ध्वस्त झाल्या. १७३६ ला पार्लमेंटनं कायदा केला, तो चालला नाही, दंगे झाले. १७५१ ला पुन्हा केला तेव्हा कुठे आवर बसला. आज ज्या पेयाला आपण नाजूक, सुगंधी म्हणतोय ती एके काळची लंडनची हातभट्टीच.

कुणाला दुखवायचं नाही. पण ही बाजू धाग्यात असायला हवी.

पाटेश्वर_पायथा

ताई, लिहिलंत ते फार बरं केलंत. दुखावण्याचा प्रश्नच नाही. माझ्या वर्गातली दोन हुशार मुलं याच वाटेनं गेली, त्यांची नावं मी अजून विसरलेलो नाही. धाग्यात पुढे काहीही निघालं तरी तुमच्या मामींना नजरेआड करून बोलायचं नाही, एवढं मी माझ्यापुरतं ठरवतो.

मळी_ते_मद्य

ताई, सव्वीस वर्षं आमच्या गेटबाहेर पडणाऱ्या टँकरकडे बघताना हाच विचार येत असे. तुमच्याशी वाद घालण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

हरिपूरचं_पेव

विषय थोडा बदलतो. आमच्या घरात तीन पिढ्या हळदीचा व्यापार. हरिपुरात जमिनीखाली खोल पेवं असायची, हळद त्यात वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या महापुरात बरीच खराब झाली. सांगलीच्या हळदीला २०१८ ला भौगोलिक मानांकन मिळालं. मग सांगलीची जिन म्हटल्यावर हळद आलीच पाहिजे. पिवळीधमक जिन! कशी दिसेल?

मळी_ते_मद्य

पिवळी होणार नाही. हळदीचा रंग कर्क्युमिनचा, आणि ते वाफेबरोबर चढतच नाही, भांड्यात राहतं. वर येतं ते हळदीचं तेल, उबदार, मातकट, थोडं आल्याच्या अंगानं जाणारं. बाटलीत पाण्यासारखी पारदर्शक आणि नाकाला लावली तर हळद. मला स्वतःला हे जास्त आवडेल.

हाच नियम सगळीकडे लावा. मिरचीचा तिखटपणा चढत नाही. बेदाण्याची गोडी चढत नाही, साखर खालीच राहते. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचं पण तसंच, उष्णतेनं वास मुरांब्यासारखा होतो. चढतं ते तेलाचं: साली, बिया, मुळं, पानं, काही फुलं. 'लंडन ड्राय' या प्रकारची जिन म्हणायची असेल तर नंतर रंग, साखर, वास काहीही घालता येत नाही, जे काही यायचं ते वाफेतूनच आलं पाहिजे. (लंडन ड्राय लंडनलाच करावी लागते असं मात्र नाही.)

सांगलीकर_गोव्यात

हळद घालून झालेलीसुद्धा आहे. गोव्यातल्या एका डिस्टिलरीची 'हपुसा' नावाची जिन, वैद्यबाईंनी सांगितलेलंच नाव. जुनिपर हिमालयातलं आणि सोबत हळद, आलं. त्यांचीच 'ग्रेटर दॅन' २०१७ ला आली आणि तिथून भारतात छोट्या भट्ट्यांच्या जिनची रांग लागली. 'स्ट्रेंजर अँड सन्स'मध्ये बंगालचं गंधराज लिंबू आहे. लोक मागून मागून पितात.

आगाशिव

मग साताऱ्यासाठी तर कास आहे की! बावीस काय, शेकडो फुलं. 'कास जिन', बाटलीवर फुलांची चित्रं, हातोहात खपेल.

कारवीचा_मध

नाही. कृपा करून हे गमतीतही नको.

दर सप्टेंबरला मी कासला स्वयंसेवक म्हणून उभा असतो. लोकांना फुलांपासून लांब ठेवताना घसा बसतो. पठार २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे. खडकावर इंच-दोन इंच माती, त्यात वर्षातून काही आठवडे जगणारी झाडं. वायतुऱ्याचं शास्त्रीय नावच अपोनोजेटॉन सातारेन्सिस, साताऱ्याच्या नावानं ओळखली जाणारी वनस्पती. त्यातलं एक फूल खुडणं म्हणजे काय, हे सरांना सांगायला नको.

आयला बेटाच्या लोकांनी काय खुडलंय ते नीट बघा. पांढरा क्लोव्हर, लाल क्लोव्हर, काटेरी गॉर्स, रानथिसल, रानपुदिना, हीदर. ही तिथल्या बांधावरची, रस्त्याकडेची झाडं. युरोपभर उगवतात, काही तर तण म्हणून उपटली जातात. यातलं दुर्मिळ एकही नाही. त्या जिनचं मोठेपण मला यातच वाटतं. दुर्मिळ फूल तोडून कुणीही मिरवेल, पायाखालचं तण ओळखायला बेटावर राहावं लागतं.

पाटेश्वर_पायथा

वा! मी त्या बावीस नावांकडे वर्गीकरण म्हणून पाहत होतो, तुम्ही रहिवासी म्हणून पाहिलंत. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. आता यादी पुन्हा वाचतो.

आगाशिव

भावा, शब्द मागे. यंदा सप्टेंबरला मी पण येतो स्वयंसेवक म्हणून.

खल_बत्ता

मग आपल्या बांधावरचं काय, अशी यादी करूया? मी सुरुवात करते. परसातला गवती चहा. सातारी आलं. ओवा, पण बेतानं, नाहीतर पोटदुखीचा अर्क होईल. महाळुंगाची साल. अँजेलिका आणि ऑरिस ही मुळं तिकडे वास धरून ठेवायला घालतात, त्यांच्या जागी वाळा. वाळ्याचं तेल जड असतं, भट्टीत शेवटी उतरतं आणि बाकीच्या हलक्या वासांना उडू देत नाही. अत्तरवाले याच कामाला वापरतात. नागरमोथाही चालेल, शेतकरी ज्याला लव्हाळा म्हणून शिव्या देतो त्याच्याच कुळातला. म्हणजे तणाचा नियमही पाळला गेला.

हरिपूरचं_पेव

हळदीचा कंद नको तर पान घ्या. काढणीच्या वेळी ढिगानं वाया जातं. मोदकपात्रातलं पान भट्टीच्या मानेत.

पाटेश्वर_पायथा

यादी पुन्हा वाचताना एका नावापाशी थांबलो. आर्टेमिसिया व्हल्गारिस. याचा आपल्याकडचा सख्खा भाऊ कोण? आर्टेमिसिया पॅलेन्स. म्हणजे दवणा! चैत्रात जोतिबाला वाहतो तो. लहानपणी आजी यात्रेहून आली की तिच्या पिशवीला आठवडाभर वास असायचा. त्या घोटात शेवटी 'वाळलेल्या गवताची गंजी' वाटली होती ना, ती कदाचित तीच होती. काल रात्रीपासून आजीची पिशवी डोळ्यासमोरून हलत नाही.

कृष्णाकाठची

सर, दवणा देवाचा. तो दारूत नको वाटतो.

भडंग_प्रेमी

माझं पण ताईंसारखंच. आमच्या घरी चैत्रात दवणा देव्हाऱ्यात असतो. बाकी सगळं चालेल, हे नको.

लिंगमळा_ट्रेकर

तुमच्या भावनेचा आदर आहे. पण दवण्याचं तेल अत्तरासाठी काढतातच की. शेतकऱ्याला पीक म्हणून पैसे मिळाले तर देवालाही आवडेल असं मला वाटतं. तुळससुद्धा देवाची आणि सर्दीच्या काढ्यातली.

कृष्णाकाठची

काढा आणि दारू एक नव्हे. पण अत्तराचं म्हणाल तर मान्य.

आणि सरांच्या तिसऱ्या प्रश्नाकडे कुणी परत गेलंच नाही म्हणून मी जाते. जिन प्यायची नाही, पण उत्तर मला येतं.

आम्ही दर उन्हाळ्यात कांदा-लसूण मसाला करतो. मिरची ब्याडगी, ती कर्नाटकातली. लवंग, वेलदोडे केरळकडचे. दगडफूल, जायपत्री कुठून कुठून येतं. गावचं म्हणाल तर कांदा, लसूण, कोथिंबीर आणि डंकावर उभी राहिलेली माझी आई. तरी त्या मसाल्याला केरळचा मसाला कुणी म्हणत नाही. आमच्या घरचा आणि शेजारच्या घरचा वासानं वेगळा ओळखू येतो. कशामुळे? कुठला जिन्नस किती भाजायचा आणि कधी उतरवायचा, ते त्या त्या घराचं असतं.

तेव्हा जुनिपर हिमालयातून आलं म्हणून काही बिघडत नाही. सातारची होईल की नाही ते जुनिपरवर नाही, भट्टीपाशी कोण उभं आहे आणि त्याला बांधावरचं काय ओळखता येतं त्यावर.

मळी_ते_मद्य

ताई, सव्वीस वर्षांत मला हे इतकं स्वच्छ सांगता आलं नसतं. खुद्द युरोपातसुद्धा बहुतेक जिनवाले जुनिपर टस्कनी किंवा मॅसिडोनियाकडून मागवतात.

सांगलीकर_गोव्यात

दंडवत ताई. माझ्या बारमध्ये न पिणाऱ्यांसाठी एक पेय करतो, तुमच्यासाठी कृती लिहितो. धने अर्धवट कुटून, दोन वेलदोडे, गवती चहाची पात, संत्र्याची साल, हाऊबेरच्या चार-पाच गोळ्या, सगळं गरम पाण्यात झाकून ठेवायचं, उकळायचं नाही. गार करून गाळायचं, बर्फावर ओतून वर टॉनिक. अल्कोहोलचा थेंब नाही. (वैद्यबाईंनी सांगितल्याप्रमाणे गरोदर असाल तर हाऊबेर वगळा.)

कृष्णाकाठची

हे करून बघते. आईला पण देईन.

पाटेश्वर_पायथा

मंडळी, चार दिवसांपूर्वी प्रश्न टाकला तेव्हा वाटलं होतं दोन-तीन उत्तरं येतील.

ताईंचं मसाल्याचं उत्तर मी वहीत उतरवून घेतलं आहे. दवण्याबद्दल त्यांचा शब्द मला मान्य, तो कुणी केलीच तर जिनमध्ये नको. पण त्याचा वास वाफेतून कसा उतरतो हे पाहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही. माझ्या जुन्या कॉलेजात क्लेव्हेंजर उपकरण आहे. काचेच्या चंबूत नुसतं पाणी आणि पाला, उकळलं की वाफेबरोबर तेल येतं आणि बारीक नळीत पाण्यावर तरंगताना दिसतं. स्पिरिट नाही, परवान्याचा प्रश्न नाही. प्रयोगशाळेत विचारलं, त्यांनी होकार दिला. गवती चहा, हळदीचं पान, वाळा आणि दवणा, एकेकाचं तेल वेगळं काढायचं आणि कागदाच्या पट्टीवर वास घ्यायचा. ज्यांना यायचं असेल त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. बाटली तोपर्यंत कपाटात ठेवतो, त्या दिवशी ज्यांना चालतं त्यांनी शेजारी वास घेऊन ताडून पाहावं.

हरिपूरचं_पेव

हळदीची पानं माझ्याकडून. ताजी पाहिजेत की सुकवलेली?

पाटेश्वर_पायथा

दोन्ही आणा. फरक बघू.

मळी_ते_मद्य

मी येतो. कधी तोडायचं ते सांगायला नाक घेऊन येतो.

भडंग_प्रेमी

भडंग मी आणतो, पाच किलो.

कृष्णाकाठची

दवणा मी जोतिबाहून आणते, चैत्रात जाणारच आहे. आधी देवाला वाहीन, मग जुडी तुमच्या चंबूत.